ट्रेलरसाठी जनरेटर घेताय? आधी एसीचं ठरवा

गावाकडे विहिरीवरची मोटर चालू केली की घरातला बल्ब क्षणभर मिणमिणतो आणि मग पुन्हा नीट लागतो, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलंय. थांबलेली मोटर जागची हलवायला जितकी वीज लागते, तितकी ती फिरायला लागल्यावर लागत नाही. अमेरिकेत कॅम्पिंगचा ट्रेलर (म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं छोटं घर) घेतलेल्या मराठी मंडळींनी मला जनरेटरबद्दल विचारलं की मी या बल्बपासूनच सुरुवात करते. ट्रेलरच्या छतावरच्या एसीतही अशीच एक मोटर असते, आणि कुठला जनरेटर घ्यायचा हे जवळजवळ सगळं त्या एका मोटरवर ठरतं.

मुळात जनरेटर लागतो कधी? विजेचा खांब, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या जागांना इथे हुकअपची जागा म्हणतात. तिथे ट्रेलरची जाड केबल खांबाला जोडली की झालं. पण राष्ट्रीय उद्यानांमधल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये ही सोय नसते. यलोस्टोनचंच बघा, एवढ्या अवाढव्य उद्यानात हुकअप असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. बाकी ठिकाणी आपली वीज आपणच न्यायची.

ट्रेलरमध्ये विजेचे दोन वेगळे संसार असतात आणि हे न कळल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. एक 12 व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा. दिवे, पाण्याचा पंप, छतातला छोटा पंखा, हीटरचा ब्लोअर हे सगळं त्यावर. दुसरा 120 व्होल्टचा, घरातल्या सॉकेटसारखा. एसी, मायक्रोवेव्ह, कॉफी मेकर, आपला मिक्सर त्यावर. मध्ये कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो, तो 120 व्होल्टवरून बॅटरी चार्ज करतो. म्हणजे जनरेटर नसला तरी रात्री दिवा लागतो आणि नळाला पाणी येतं. शेगडी प्रोपेनवर असते, त्यामुळे चहाही होतो. फक्त बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि कुणीतरी ती भरावी लागते.

हे समजलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. मला एसी चालवायचाय का?

उत्तर "नाही" असेल तर काम अगदी सोपं आहे. सकाळी दीड-दोन तास चालवून बॅटरी भरायची, त्याच वेळात मिक्सरवर चटणी वाटून घ्यायची, फोन-लॅपटॉप चार्ज करायचे. याला 1800 वॅट सतत देणारा छोटा इन्व्हर्टर जनरेटर (कमी आवाजाचा, तो कसा चालतो ते पुढे सांगते) भरपूर झाला. होंडाचा ईयू2200आय याच जातीतला. सतत 1800 वॅट आणि क्षणभर 2200 वॅट देतो, वजन साधारण 21 किलो, टाकी साडेतीन लिटरच्या आसपास. चौथाई लोडवर त्या टाकीत सुमारे 8 तास जातात. एका हाताने उचलून गाडीत ठेवता येतो, आणि ही गोष्ट दुकानात वाटते त्यापेक्षा रानात फार मोठी ठरते.

उत्तर "हो" असेल तर मात्र हिशेब करायला बसावं लागतं. हिशेब चौथीतला आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. छोट्या आणि मध्यम ट्रेलरचा प्लग 30 अँपिअरचा असतो, म्हणजे 120 गुणिले 30, म्हणजे 3600 वॅट. यापेक्षा जास्त वीज तुमचा ट्रेलर एका वेळी घेऊच शकत नाही, त्याआधी ब्रेकर पडतो. त्यामुळे असा ट्रेलर असताना 6000 वॅटचा जनरेटर घेणं म्हणजे पुष्कळ पैसा आणि पुष्कळ वजन विनाकारण वाहणं. (दोन एसीचे मोठे ट्रेलर 50 अँपिअरचे असतात, त्यांचं गणित वेगळं. इथे मी 30 अँपिअरचंच धरते.)

आता एसी. या ट्रेलरांवर बहुधा 13,500 किंवा 15,000 बीटीयूचा (हे थंड करण्याच्या ताकदीचं माप) एसी असतो. 13,500 चा एसी एकदा चालू झाला की 1300 ते 1500 वॅट घेतो. पण कॉम्प्रेसर सुरू होताना, त्या विहिरीवरच्या मोटरसारखा, क्षणभरासाठी 2800-3000 वॅटची मागणी करतो. 15,000 चा असेल तर आणखी जास्त. म्हणून जनरेटरच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. मोठ्या ठळक अक्षरातला आकडा त्या क्षणापुरत्या झटक्याचा असतो. सतत किती मिळणार ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. विकत घेताना बारीक अक्षरातला आकडा बघा. ठळक आकडा फक्त एसी सुरू होईल का एवढंच सांगतो, रात्रभर काय काय चालेल ते बारीकच सांगतो.

हा झटका कमी करायला एसीच्या आत बसवायचं सॉफ्ट स्टार्ट नावाचं एक उपकरण मिळतं. ते मोटरला एकदम ढकलण्याऐवजी हळूहळू वेग देतं आणि सुरुवातीची मागणी निम्म्याहूनही खाली आणतं. ते बसवलं की समुद्रसपाटीजवळ 2200 वॅटच्या छोट्या जनरेटरवरही 13,500 चा एसी चालू होतो. मला हा खर्च अगदी योग्य वाटतो. मोठं, जड, कर्कश मशीन घेण्यापेक्षा एसी शहाणा करणं बरं. पण मग त्या जनरेटरवर एसीशिवाय जवळजवळ दुसरं काही चालत नाही, हेही मनाशी पक्कं करायला हवं.

आणि "दुसरं काही" म्हणजे काय, हे नेहमी डोळ्याला दिसतंच असं नाही. आई-बाबा भारतातून आले होते तेव्हाची गोष्ट. ऑगस्टचा महिना, टेक्सासचा उन्हाळा, जागेला हुकअप नाही. जनरेटर लावला, एसी सुरू झाला, सगळ्यांनी हुश्श केलं. दहा मिनिटांनी एसी गप्प. बाहेर जाऊन बघितलं तर इंजिन चालू, पण हिरवा दिवा विझलेला आणि लाल ओव्हरलोडचा दिवा लागलेला. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. बाबा दारात उभे राहून पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवत होते. मी एकेक गोष्ट बंद करत गेले. मायक्रोवेव्ह बंदच होता, दिवे तर बॅटरीवरचे. शेवटी सिंकखालच्या पॅनेलवर एक छोटं काळं बटण दिसलं, चालू. गीझरचं. आदल्या मुक्कामी हुकअपवर ते विजेवर लावलेलं तसंच राहिलं होतं, आणि त्याची कॉइल 1400 वॅट खात होती. बटण खाली केलं आणि त्यानंतर रात्रीपर्यंत एसी एकदाही बंद पडला नाही.

असे लपलेले खाणारे तीन. गीझर, 1400 वॅट. फ्रिज, जो "ऑटो"वर असला की जनरेटरची वीज दिसताच प्रोपेन सोडून विजेवर जातो आणि 300-400 वॅट घेतो. आणि कन्व्हर्टर, जो उतरलेली बॅटरी भरताना सुरुवातीला 500 ते 900 वॅट ओढू शकतो. गीझर आणि फ्रिज हाताने प्रोपेनवर लावून टाकायचे. कन्व्हर्टरला बंद करायचं नाही, पण एसी लावायच्या आधी बॅटरीला तासभर द्यायचा. दिसणारे खाणारे तर आपल्याला ठाऊकच आहेत. खोक्यावर 1000 लिहिलेला मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात 1500 वॅट घेतो, विजेची किटली 1500, इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) साधारण 1000, इथे मिळणारा 110 व्होल्टचा भारतीय मिक्सर 550 ते 750.

बेरीज करून बघा. एसी 1400, कन्व्हर्टर 500, म्हणजे 1900. सतत 3000 वॅट देणारा जनरेटर असेल तर यावर इन्स्टंट पॉटमध्ये खिचडीही शिजते. मायक्रोवेव्ह लावायचा तर तेवढी पाच मिनिटं एसी बंद. त्यामुळे एसी हवा असणाऱ्या बहुतेकांसाठी सतत 2800 ते 3200 वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर, किंवा केबलने एकत्र जोडता येणारे दोन छोटे, हे उत्तर निघतं. दोन छोट्यांना समांतर जोडलं की 1800 आणि 1800 मिळून 3600, म्हणजे बरोबर तुमच्या प्लगची मर्यादा. मला स्वतःला दोन छोटे जास्त पसंत आहेत. एकटा मोठा 40-50 किलोचा असतो, तो उचलायला दोन माणसं लागतात. शिवाय थंड हवेच्या ठिकाणी जाताना एक घरी ठेवता येतो, आणि एक बिघडला तरी दुसरा असतो. पैसे मात्र जास्त जातात.

उंचीबद्दल दुकानात क्वचितच कुणी सांगतं. डोंगरावर हवा विरळ, इंजिनला प्राणवायू कमी, म्हणून ताकद कमी. दर 1000 फुटांना साधारण साडेतीन टक्के. डेन्व्हर सुमारे 5280 फुटांवर आहे, तिथेच 18 टक्के गेले. यलोस्टोनची कॅम्पग्राउंड 7000-8000 फुटांच्या आसपास आहेत, तिथे पाव भागाहून जास्त ताकद जाते. घरी 1800 देणारा जनरेटर तिथे 1300 वर येतो. सुदैवाने इतक्या उंचीवर रात्री स्वेटर लागतो, एसी नाही. पण न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीसारखी गावं 5000 फुटांवर असूनही उन्हाळ्यात तापतात, तिथे या हिशेबाने घेतलेला जनरेटरच तारून नेतो. कायम 5000 फुटांच्या वर वापरणार असाल तर कार्ब्युरेटरला उंचीचा वेगळा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बसवून घ्यावा लागतो.

आता आवाज. लग्नाच्या किंवा गणपतीच्या मांडवामागे धडधडणारा जनरेटर आठवा. तसाच उघड्या सांगाड्याचा जनरेटर इथल्या हार्डवेअरच्या दुकानात सर्वात स्वस्त मिळतो. तो इतका का ओरडतो? अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 वेळा उलटसुलट होते आणि साध्या जनरेटरमध्ये ती इंजिनच्या वेगाशी थेट बांधलेली असते. त्यामुळे एक मोबाइल चार्ज करायचा असला तरी इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांनीच पळतं. (भारतात 50 वेळा, म्हणून 3000 फेऱ्या.) इन्व्हर्टर जनरेटर आपली वीज आधी एकदिश करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने तिच्यापासून नवी, सरळसोट 60 ची वीज घडवतो. इंजिनचा वेग काहीही असला तरी चालतो, म्हणून लोड कमी झाला की इंजिन आपोआप मंद होतं. आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि वीज इतकी स्वच्छ की लॅपटॉप किंवा झोपेत श्वासासाठी लागणारं मशीन निर्धास्त लावावं.

राष्ट्रीय उद्यानांमध्ये हा सौजन्याचा नव्हे, नियमाचा भाग आहे. 50 फुटांवरून मोजलेला आवाज 60 डेसिबलपेक्षा जास्त नको. कंपन्या आकडा देतात तो बहुधा 23 फुटांवरचा, आणि तोही चौथाई लोडवरचा. उघड्या सांगाड्याचे जनरेटर 23 फुटांवर 68 डेसिबलच्या आसपास असतात. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे 50 फुटांवर ते 61 च्या जवळ जातात. चौथाई लोडवरच नियम मोडला, एसी लावल्यावर तर बोलायलाच नको. यलोस्टोनमध्ये जिथे जनरेटरला परवानगी आहे तिथे वेळ सकाळी 8 ते रात्री 8, आणि स्लाउ क्रीकसारख्या छोट्या कॅम्पग्राउंडमध्ये तो मुळीच चालत नाही. म्हणजे "रात्रभर एसी लावून झोपू" हा बेत उद्यानात जमत नाही. बुकिंग करतानाच त्या कॅम्पग्राउंडचे जनरेटरचे तास बघा. शेजारी तंबूत कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असतं, त्याला तर कापडाची एक भिंत असते फक्त. राष्ट्रीय वनांमध्ये जायचं असेल तर सायलेन्सरला ठिणगी अडवणारी मान्यताप्राप्त जाळी आहे का, हेही तपासा. वणव्याच्या दिवसांत त्याबाबत कुणी सूट देत नाही.

इंधनाबद्दल थोडक्यात. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे घोटाळा नको म्हणून मी पेट्रोल आणि प्रोपेन असंच म्हणते. ट्रेलरवर प्रोपेनचे साधारण 9 किलोचे दोन सिलिंडर आधीच असतात, म्हणून दोन्हींवर चालणारा जनरेटर फार सोयीचा. प्रोपेनवर ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते, पण प्रोपेन शिळं होत नाही. पेट्रोल होतं. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं आणि मे महिन्यात पहिल्याच सहलीला दोरी ओढून खांदा दुखतो तरी इंजिन लागत नाही. ठेवताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करून ठेवायचं. एसीसकट चालवताना छोटा जनरेटर तासाला साधारण एक लिटर पितो, त्या हिशेबाने कॅन न्यायचा. नवा जनरेटर बहुधा तेल न भरता येतो. पहिलं तेल पहिल्या 20 तासांनंतर बदलायचं असतं, ते विसरू नका. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी त्या राज्याच्या प्रदूषण नियमात बसणारंच मॉडेल घ्यायचं, तिथे छोट्या पेट्रोल इंजिनांचे नियम वर्षागणिक कडक होताहेत.

आणि आता ज्यासाठी मी हा लेख खरोखर लिहायला घेतला ते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या हिशेबाने पोर्टेबल जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने दरवर्षी सुमारे 100 माणसं जातात. या वायूला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. दिवसभर गाडी चालवलेल्या, आठ हजार फुटांवर पोचलेल्या माणसाला हे सगळं थकव्याचं किंवा उंचीचं वाटतं, आणि तो झोपायला जातो. म्हणून जनरेटर ट्रेलरपासून निदान 20 फूट लांब, धुराचं तोंड ट्रेलरच्या आणि शेजाऱ्याच्या तंबूच्या विरुद्ध दिशेला. ऑनिंगखाली, म्हणजे दाराबाहेरच्या कापडी छपराखाली, नाही. पाऊस आला म्हणून ट्रकच्या मागच्या भागात झाकून नाही. वारा फिरला तर उठून जागा बदलायची. ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाच ते सात वर्षांत निकामी होतो, त्याच्या मागची तारीख आजच बघा. आणि जनरेटर घेताना हा वायू वाढला की स्वतःहून बंद पडणाराच घ्या. पैसे वाचवायचे असतील तर ताकदीत वाचवा, रंगात वाचवा, इथे नको. टाकी भरायचीसुद्धा इंजिन बंद करून, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ देऊन.

20 फूट लांब ठेवायचा म्हणजे केबल लांब लागते. ती जाड हवी, 30 अँपिअरसाठी 10 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी तार जाड). बारीक एक्स्टेंशन लावली तर वाटेतच व्होल्टेज पडतं आणि कमी व्होल्टेजवर कुंथत चालणारा कॉम्प्रेसर जळतो. छोट्या जनरेटरला ट्रेलरचा तीन पिनांचा मोठा प्लग थेट बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर लागतो. आणखी एक अडचण नवख्यांना फार घाबरवते. ट्रेलरला विजेचा चांगला सर्ज प्रोटेक्टर (खराब विजेपासून ट्रेलर वाचवणारं उपकरण) असेल तर तो कधी कधी जनरेटरची वीज आत सोडतच नाही आणि अर्थिंगची चूक दाखवतो. जनरेटर बिघडलेला नसतो. अनेक इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले नसतात, आणि प्रोटेक्टरला ते जोडलेले दिसायला हवे असतात. त्यासाठी एक छोटा खास प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावायचा. आपल्या जनरेटरच्या पुस्तिकेत न्यूट्रलबद्दल काय लिहिलंय ते मात्र आधी वाचा.

सोलर आणि लिथियम बॅटरीच्या पेटाऱ्यांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. एसी नको असेल तर ते फार छान आहेत, आवाज नाही, धूर नाही, आणि मी तर म्हणेन आधी तेच बघा. पण 2000 वॅट-तासांचा पेटारा 1400 वॅटचा एसी जेमतेम सव्वा तास ओढतो. पुन्हा गाडी त्याच प्रश्नावर येते.

घेतल्यावर पहिली सहल घराच्या ड्राइव्हवेवरच करा. एका गरम संध्याकाळी ट्रेलर जनरेटरवर लावा, एसी सुरू करा, मग एकेक वस्तू वाढवत जा आणि लाल दिवा कशावर लागतो ते टिपून ठेवा. आमच्या ट्रेलरच्या कपाटाच्या दाराला आतून मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवलेली आहे. त्यावर आईच्या अक्षरात लिहिलंय: "एसी लावण्याआधी गीझरचं बटण खाली. फ्रिज गॅसवर. मायक्रोवेव्ह लावताना हाक मारणे."